लहान रीफ टाकी: क्लाउनफिशची जोडी, प्रवाळ आणि पाण्याचा हिशेब

खारेपाणी (धागाकर्ता)

साठ लिटरच्या टाकीत क्लाउनफिशची एक जोडी आणि थोडी प्रवाळे पाळता येतील का, हा प्रश्न वारंवार विचारला जातो आणि त्याला बहुधा दोनच उत्तरे मिळतात. एक, "आधी मोठी टाकी घ्या". आणि दुसरे, "काही होत नाही, टाका बिनधास्त". दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटतात. साठ लिटरची रीफ टाकी, म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, वर्षानुवर्षे उत्तम चालते. फक्त तिच्यात पाण्याचा साठा कमी असल्यामुळे जे मोठ्या टाकीत महिन्याभरात बिघडते ते इथे दोन दिवसांत बिघडते. माझे मत असे आहे की लहान टाकी पाळणाऱ्याने पुस्तकातला आदर्श आकडा गाठण्याच्या मागे न लागता, स्वतःच्या टाकीचा जो आकडा आहे तो हलू न देण्याकडे लक्ष द्यावे. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचे प्रमाण, साडेसात डीकेएच (ते मोजण्याचे एकक) असली तरी चालते आणि नऊ असली तरी चालते. सोमवारी साडेसात आणि गुरुवारी नऊ मात्र चालत नाही.

सुरुवात खारटपणापासून करतो, कारण लहान टाकीतले बरेचसे घोटाळे तिथूनच निघतात. समुद्राच्या पाण्यात दर हजारी साधारण ३५ भाग क्षार असतात आणि २५ अंश सेल्सिअस तापमानाला त्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास भरते. टाकीतून जे उडून जाते ते निव्वळ पाणी असते, मीठ मागेच राहते. साठ लिटरमधून तीन लिटर पाणी उडाले की ३५ चे जवळजवळ ३६.८ होतात, तीनशे लिटरच्या टाकीतून तेवढेच पाणी उडाले तर आकडा ३५.४ च्याही खाली राहतो. त्यामुळे उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी शुद्ध, बिनमिठाच्या पाण्याने करावी, आणि तीही आठवड्यातून एकदा बादलीभर ओतून न करता रोज थोडी थोडी करावी. पातळी उतरताच आपोआप पाणी सोडणारे यंत्र बसवता आले तर दिव्यांवरचा खर्च थोडा कमी करूनही ते बसवावे, असे मी म्हणेन. मीठ कालवण्यासाठी आणि भरपाईसाठी आरओ-डीआय पाणीच, म्हणजे गाळून क्षारमुक्त केलेले शुद्ध पाणीच, वापरावे. नळाच्या पाण्यात तांबे, फॉस्फेट, सिलिकेट यांपैकी काय आणि किती आहे हे डोळ्यांना दिसत नाही, आणि तांबे तर अत्यल्प प्रमाणातही बिनकण्याच्या जिवांना घातक ठरते.

दुसरी बाब टाकी बसवण्याची, म्हणजे माशांच्या मलमूत्रातला विषारी अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंची वसाहत तयार होण्याची. खडक आणि वाळू घालून खारे पाणी भरल्यावर त्यात मासा सोडून 'बघू काय होते' असे करण्याची आता काहीच गरज नाही. अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दशलक्षात दोन भाग) आणावा आणि तो २४ तासांत शून्यावर उतरू लागेपर्यंत थांबावे. याला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. जिवंत खडक, म्हणजे जिवाणू आधीच वसलेला सच्छिद्र समुद्री खडक, ताजा आणि चांगला मिळाला तर त्याहून कमी. खाऱ्या पाण्याचा पीएच ८ च्या वर असल्याने एकूण अमोनियातील विषारी भाग गोड्या पाण्याच्या टाकीपेक्षा जास्त असतो, त्यामुळे तिथे चालून गेलेली घाई इथे चालत नाही. या काळात वाळूवर तपकिरी थर येतो, तो डायटमांचा, म्हणजे एक प्रकारच्या सूक्ष्म शैवालाचा असतो. तो आपोआप जातो. त्यासाठी कोणतेही औषध घालू नये.

प्रवाळांच्या बाबतीत माझा क्रम ठरलेला आहे. आधी मऊ प्रवाळे: मशरूम, ग्रीन स्टार पॉलिप, टोडस्टूल लेदर. ती दोन-तीन महिने उघडी, फुललेली राहिली की मोठ्या पॉलिपची (पॉलिप म्हणजे प्रवाळातला एकेक जीव) कठीण प्रवाळे: डंकन, कँडी केन, हॅमर. ॲक्रोपोरासारखी बारीक पॉलिपची प्रवाळे लहान टाकीत जगतच नाहीत असे नाही, परंतु त्यांना लागणारे स्थैर्य राखण्यासाठी जेवढी यंत्रे लावावी लागतात तेवढ्यात मोठी टाकी उभी राहते.

कठीण प्रवाळ आपला सांगाडा ॲरॅगोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा बांधते आणि त्यासाठी पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट दोन्ही ओढून घेते. अल्कलिनिटी २.८ डीकेएचने उतरते तेव्हा कॅल्शियम केवळ २० पीपीएमने उतरलेले असते. म्हणजे ४२० च्या कॅल्शियममध्ये जो फरक मोजणीच्या चुकीत लपून जातो, तोच फरक अल्कलिनिटीत ८ वरून थेट ५.२ वर आलेला असतो. त्यामुळे एकच चाचणी नियमित करणे शक्य असेल, तर ती अल्कलिनिटीची करावी.

माशांविषयी एवढेच, की ओसेलारिस किंवा पर्क्युला या क्लाउनफिशच्या लहान जातींपैकी एकीची एक जोडी घ्यावी आणि त्यांच्या भरवशावर आणखी चार मासे घेण्याचा मोह टाळावा. फार तर एखादा लहान गोबी. मरून क्लाउन कितीही देखणा असला तरी तो पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि स्वभावाने भांडखोर असतो. साठ लिटर ही त्याची जागा नाही.

---

निळाई

उत्तम सुरुवात. माझ्या दोन शंका आहेत. पहिली, जोडी घेताना नर आणि मादी कशी ओळखावी? दुसरी, माझ्या दोन ओसेलारिसपैकी लहान मासा मोठ्यासमोर आडवा होऊन अंगभर थरथरतो. हा रोग आहे की भांडण?

---

खारेपाणी

@निळाई, यात रोग मुळीच नाही. ती शरणागतीची खूण आहे आणि ती दिसणे हे जोडी जुळत असल्याचे लक्षण आहे. लहान मासा मोठ्याच्या पुढ्यात येतो, अंग एका कुशीवर कलते करतो आणि क्षणभर झटके दिल्यासारखा थरथरतो. मोठा मासा बहुतेक वेळा तेवढ्यावर शांत होतो. पंख फाटलेले दिसू लागले, लहान मासा सतत वरच्या कोपऱ्यात दबून राहू लागला किंवा खायलाही खाली येईनासा झाला, तरच त्यांना वेगळे करावे.

नर-मादी ओळखण्याचा प्रश्न खरेदीच्या वेळी येतच नाही. सगळे क्लाउनफिश आयुष्याची सुरुवात नरत्वाकडे झुकलेल्या अवस्थेत करतात आणि गटातला सर्वांत वरचढ मासा मादी होतो. मादी नाहीशी झाली तर तिच्या खालचा नर मादी बनतो आणि त्याच्याखालचा मासा नराची जागा घेतो. फ्रिके आणि फ्रिके यांनी १९७७ साली 'नेचर'मध्ये हे मांडले होते. पुढे २००३ मध्ये बस्टन यांनी त्याच नियतकालिकात दाखवले की खालच्या पायरीवरचे मासे आपली वाढच आवरती घेतात, जेणेकरून वरच्याला ते प्रतिस्पर्धी वाटू नयेत. तेव्हा दोन पिल्ले घ्यावीत, त्यांतले एक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे मोठे असावे, बाकीचे ते आपसांत ठरवतात. मादीचे पुन्हा नरात रूपांतर होत नाही, त्यामुळे दोन पूर्ण वाढलेल्या माद्या एकत्र सोडणे म्हणजे एकीचा जीव घेणे होय.

---

ओहोटी

धागाकर्त्यांनी समुद्रफुलाचा (सी ॲनिमोनचा) उल्लेखही केलेला नाही याचे आश्चर्य वाटते. क्लाउनफिश आणि समुद्रफूल यांचे साहचर्य पाहण्यासाठीच तर बहुतेक लोक या छंदाकडे वळतात. माझ्या टाकीत बबल टिप समुद्रफूल बराच काळ सुखाने आहे आणि जोडी त्यातून हलत नाही. लहान टाकीत ते चालत नाही, असे सरसकट म्हणू नये.

---

खारेपाणी

@ओहोटी, आपल्या टाकीत ते सुखाने आहे याचा आनंद आहे, पण आपली टाकी जुनी आहे आणि तीत प्रवाळे मोजकी आहेत, हे आपणच पूर्वी लिहिले होते. माझा मुद्दा नव्या लहान टाकीपुरता आहे. प्रवाळ जिथे चिकटवावे तिथे राहते. समुद्रफूल मनाला येईल तेव्हा पाय सोडवून चालू लागते आणि वाटेत जे प्रवाळ लागेल त्याला डंख करत जाते. प्रवाहाच्या पंपाच्या जाळीत ते सापडले, की त्याचे तुकडे पाण्यात मिसळून साठ लिटरचे पाणी एका रात्रीत नासते, आणि अशा वेळी मासेही हाती लागत नाहीत.

शिवाय ज्या साहचर्यासाठी हा सगळा धोका पत्करायचा, ते निसर्गात ओसेलारिस आणि बबल टिप यांच्यात नाहीच. ओसेलारिस निसर्गात तीन समुद्रफुलांमध्ये राहतो, हेटरॅक्टिस मॅग्निफिका आणि स्टायकोडॅक्टिला वंशातली दोन, आणि ती पूर्ण वाढीला साठ लिटरच्या टाकीत मावण्यासारखी नाहीत. बबल टिपला तो बंदिवासात पुष्कळदा स्वीकारतो, पण तसा तो टोडस्टूल लेदरलाही स्वीकारतो, आणि कधी कधी पंपाच्या कोपऱ्यालाही! क्लाउनफिशला जगण्यासाठी टाकीत समुद्रफुलाची गरज नसते. समुद्रात ते त्याचे शत्रूंपासून रक्षण करते, आणि टाकीत शत्रूच नसतो.

---

ओहोटी

पंपाचा मुद्दा मान्य आहे. मी पंपांना स्पंजाची आवरणे घातली आहेत, ते लिहायला हवे होते. साहचर्याच्या मुद्द्यावर मात्र मी सहमत नाही. जो मासा संधी मिळताच समुद्रफुलात शिरतो आणि रात्री त्यातच झोपतो, त्याला त्याची गरज नाही असे म्हणणे धाडसाचे वाटते. असो. नव्या टाकीत समुद्रफूल घालू नये, निदान सहा-आठ महिने तरी थांबावे, यावर आपले एकमत आहे असे धरतो.

---

काचेपलीकडे

विलगीकरणाबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. क्लाउनफिश आणल्यावर पहिल्याच आठवड्यात दगावतात त्याचे एक मोठे कारण ब्रुकलिनेला हा परजीवी असतो. मासा खाणे सोडतो, पृष्ठभागाजवळ धापा टाकतो आणि अंगावरचा बुळबुळीत थर पांढुरक्या चिंध्यांसारखा सुटू लागतो. अनेक जण याला पांढरे ठिपके समजून थांबतात, आणि दोन-तीन दिवसांत मासा जातो. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑनमध्ये, मिठाच्या दाण्यांसारखे सुटे सुटे ठिपके दिसतात. मखमली रोगात, म्हणजे ॲमिलोडिनियममध्ये, अंगावर पिठाची पूड भुरभुरल्यासारखी बारीक झाक येते आणि तो सर्वांत झपाट्याने मारतो.

तिन्हींचे उपचार वेगवेगळे आहेत. ब्रुकलिनेलावर फॉर्मलिन वापरतात, त्यावर तांबे उपयोगी पडत नाही. उरलेल्या दोन्हींवर तांबे चालते. यांपैकी कोणताही उपचार प्रवाळांच्या टाकीत करता येत नाही, कारण तांबे बिनकण्याच्या जिवांना मारते आणि खडक-वाळूत मुरून नंतरही त्रास देते. त्यामुळे एक साधी, खडक-वाळू नसलेली वेगळी टाकी, हीटर, स्पंज फिल्टर आणि माशाला लपायला प्लास्टिकच्या नळीचा तुकडा, एवढे आधीपासून तयार हवे. मुख्य टाकीत क्रिप्टोकॅरिऑन शिरलाच तर सर्व मासे बाहेर काढून ती ७६ दिवस माशांविना ठेवण्याची पद्धत आहे, कारण या परजीवीची कोषावस्था ७२ दिवसांपर्यंत लांबल्याची नोंद आहे. प्रवाळे आणि गोगलगायी या काळात तिथेच राहतात, त्यांना तो लागत नाही. मात्र नव्या प्रवाळाच्या बुडख्याला चिकटून त्याचा कोष येऊ शकतो, हे लक्षात असू द्यावे.

---

शिंपला

विलगीकरणाच्या टाकीत जिवाणू नसतात, मग अमोनियाचे काय?

---

काचेपलीकडे

@शिंपला, तिथला स्पंज काही आठवडे आधीच मुख्य टाकीच्या मागच्या कप्प्यात ठेवून मुरवावा. तरीही रोज अमोनिया मोजावा आणि चढला तर पाणी बदलावे. तांबे चालू असताना अमोनिया बांधून ठेवणारी काही रसायने तांब्याला अधिक विषारी करतात, त्यामुळे तेव्हा पाणी बदलणे हाच सुरक्षित मार्ग. बदलायच्या पाण्यात तांब्याची मात्रा आधी तेवढीच करून घ्यावी.

---

भरतीची वेळ

एक धोक्याची सूचना, जी नव्या लोकांना कोणी देत नाही. झोअँथिड आणि विशेषतः पॅलिथोआ या रंगीत, स्वस्त आणि सहज वाढणाऱ्या प्रवाळांत पॅलिटॉक्सिन असू शकते. हे विष १९७१ मध्ये हवाईतल्या पॅलिथोआतून प्रथम वेगळे केले गेले आणि ज्ञात नैसर्गिक विषांपैकी ते अतिशय जहाल गणले जाते. ही प्रवाळे कापताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण दाबलेला पॉलिप पिचकारीसारखा पाणी उडवतो. खडकावर ती माजली म्हणून खडक उकळत्या पाण्यात टाकणे, त्यावर गरम पाणी ओतणे किंवा तो ब्रशने घासणे हे कदापि करू नये. वाफेतून आणि तुषारांतून विष श्वासात जाऊन घरातली माणसे रुग्णालयात दाखल झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. घरात लहान मुले किंवा पाळीव प्राणी असतील, तर माझे मत असे की ही प्रवाळे घेऊच नयेत. मशरूम तितकेच सोपे आणि सुंदर असते.

---

निळाई

हे खरोखरच माहीत नव्हते. माझ्याकडे झोअँथिडचा एक लहान खडक आहे. तो फेकून द्यावा का?

---

भरतीची वेळ

@निळाई, घाबरून काढण्याची गरज नाही. टाकीत आपल्या जागी असलेले प्रवाळ हवेत विष सोडत नाही. हाताला जखम असताना टाकीत हात घालू नका, काम झाल्यावर हात धुवा आणि ते कापण्याची वेळ आलीच तर पाण्याखाली, हातमोजे घालून कापा.

---

दीपस्तंभ

स्किमर, म्हणजे फेसाबरोबर पाण्यातली सेंद्रिय घाण काढणारे यंत्र, याविषयी मत हवे आहे. साठ लिटरला स्किमर हवाच असे एक जण सांगतो, दुसरा म्हणतो आठवड्याला दहा टक्के पाणी बदलले की नायट्रेट (जिवाणूंनी अमोनिया पचवल्यावर शेवटी उरणारे द्रव्य) जाते.

---

खारेपाणी

@दीपस्तंभ, एका जोडीपुरत्या टाकीला स्किमर नसला तरी चालते. खडक आणि पाण्याची हालचाल हेच मुख्य गाळण आहे. ली चिन इंग यांनी इंडोनेशियात जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाक्या चालवल्या आणि १९६१ मध्ये ती पद्धत लिहून प्रसिद्ध केली. परंतु "दहा टक्के बदलले की नायट्रेट जाते" हे विधान हिशेबाला टिकत नाही. दहा टक्के पाणी बदलल्याने नायट्रेट दहा टक्केच उतरते, २० चे १८ होतात. समजा तुमच्या टाकीत आठवड्याला २ पीपीएम नायट्रेटची भर पडते. मग दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलत राहिलात तर आकडा हळूहळू चढत २० वर येऊन थांबेल, कारण त्या ठिकाणी काढलेले आणि पडलेले दोन्ही २ होतात. वीस टक्के बदलले तर तो १० वर थांबेल. म्हणजे पाणी बदलण्याचे प्रमाण किती असावे, हे तुम्ही माशांना किती खायला घालता यावर ठरते. नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या दरम्यान राहिले की मऊ आणि मोठ्या पॉलिपच्या प्रवाळांना पुरे आहे.

हाच हिशेब अल्कलिनिटीलाही लागू पडतो. टाकीत ७ आणि नव्या पाण्यात ८ असेल, तर दहा टक्के बदलल्यावर टाकीत ७.१ होते, आठ नव्हे. कठीण प्रवाळे वाढीला लागली की केवळ पाणी बदलून भागत नाही, ते यामुळेच.

---

वाळूतला खेकडा

मी याच्या अगदी उलट टोकाला आहे. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, पाणी काचेसारखे. तरीही वाळूवर आणि खडकांवर तपकिरी, चिकट, लोंबणारे धागे आले आहेत आणि त्यांच्या टोकांना हवेचे बुडबुडे अडकलेले दिसतात. दिवे बंद झाल्यावर सकाळपर्यंत ते बरेच कमी झालेले असतात आणि दुपारी पुन्हा तेवढेच होतात. माझ्या दोन गोगलगायीही मेल्या. पाणी बदलण्याचे प्रमाण वाढवू का?

---

खारेपाणी

@वाळूतला खेकडा, कृपया पाणी बदलणे वाढवू नका, तूर्त थांबवाच. आपण लिहिलेली सगळी लक्षणे डायनोफ्लॅजेलेटांची (एकपेशीय सूक्ष्म जीवांची) वाटतात आणि हे जीव पोषकद्रव्ये शून्यावर गेलेल्या टाकीत माजतात, कारण त्यांच्याशी स्पर्धा करणारे शेवाळ आणि जिवाणू तिथे उपाशी असतात. खात्री करण्याची घरगुती रीत अशी: थोडा तपकिरी थर टाकीच्याच पाण्यासह एका बाटलीत घ्यावा, जोराने हलवून तो पूर्ण विरघळल्यासारखा करावा, कागदी रुमालातून गाळावा आणि गाळलेले पाणी उजेडात ठेवावे. अर्ध्या-एक तासात त्यात पुन्हा गुठळ्या-धागे जमू लागले तर ते डायनोफ्लॅजेलेट आहेत. साधा डायटमांचा थर असा पुन्हा जमत नाही. सूक्ष्मदर्शक मिळाला तर अर्थातच उत्तम.

उपाय सुरुवातीला उलटा वाटतो. फॉस्फेट शोषणारे माध्यम काढून टाकावे, नायट्रेट आणि फॉस्फेट थोडे थोडे घालून मोजण्याइतके वर आणावे आणि तिथे टिकवावे. ज्या जाती रात्री पाण्यात तरंगू लागतात, उदाहरणार्थ ऑस्ट्रिऑप्सिस, त्यांच्यावर यूव्ही दिवा चांगला चालतो. वाळूतच राहणाऱ्या जातींवर तो फारसा चालत नाही. गोगलगायी मेल्या त्या बहुधा विषामुळे, तेव्हा नव्या आणण्याची घाई करू नये.

---

शिंपला

आज दोन छोटे प्रश्न. टाकीत पीएच सकाळी ७.८ आणि संध्याकाळी ८.२ येतो. पीएच वाढवण्याचे द्रव्य घालू का? आणि माझे हॅमर प्रवाळ रात्री लांबलचक सोंडांसारखे काहीतरी बाहेर काढते, ते काय असते?

---

भरतीची वेळ

पीएचसाठी काहीही घालू नये. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन चालू राहते, पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच उतरतो. बंद खोलीत माणसे झोपलेली असतील तर तो आणखी उतरतो. खिडकी उघडून फरक पडतो का ते पाहावे. द्रव्य घातल्याने पीएच काही तास वर जाईल आणि अल्कलिनिटी मात्र कायमची चढून बसेल.

त्या सोंडा म्हणजे लढाऊ संस्पर्शक. दिवसा हॅमरचे संस्पर्शक आखूड आणि टोकाला हातोडीसारखे दिसतात. दिवे गेल्यावर त्यांतले एक-दोन बारीक, पारदर्शक होऊन पंधरा सेंटिमीटरपर्यंत प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि टोकाशी पांढरट ठिपका असतो. त्या टोकाचा स्पर्श ज्या प्रवाळाला होईल त्याच्या अंगाला तिथे भोक पडते. हॅमरच्या भोवती, विशेषतः प्रवाहाच्या दिशेने, तेवढी जागा मोकळी ठेवावी. लेदर प्रवाळे याच्या उलट, स्पर्श न करता पाण्यात रसायने सोडून लढतात. लहान टाकीत ती रसायने लगेच साचतात, म्हणून दोन्ही प्रकार एकत्र असतील तर सक्रिय कोळसा ठेवून तो महिन्यातून एकदा तरी बदलावा.

---

दीपस्तंभ

प्रवाळे घेताना ती कुठून आली आहेत हेही विचारावे, असे सुचवतो. सर्व कठीण प्रवाळे सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे सीमा ओलांडताना त्यांना परवाना लागतो, आणि काही देशांचे कायदे त्याहून कडक आहेत. क्लाउनफिशची पैदास तर बंदिवासात सर्रास होते. समुद्रातून पकडलेला मासा घेण्याचे कारणच उरलेले नाही. पैदाशीतले मासे सुके खाद्यही पहिल्या दिवसापासून खातात.

---

निळाई

मंडळी, माझ्या जोडीने खडकाच्या आडोशाला नारिंगी अंडी घातली आहेत! मोठा मासा हात टाकीत गेला की चावतो. काय करू?

---

काचेपलीकडे

अभिनंदन, आणि काही करू नका. नर अंड्यांवर पंखाने वारा घालत राहील आणि खराब अंडी वेचून खाईल. अंडी काही दिवसांत करडी-चंदेरी होतील आणि जवळून पाहिल्यास त्यांत डोळ्यांच्या चमकत्या जोड्या दिसतील. आठवडा-दहा दिवसांत, दिवे मालवल्यानंतर ती फुटतात. पिल्ले प्रकाशाकडे ओढली जातात, हे त्यांना वेगळे काढण्यास सोयीचे पडते, पण त्यांना पहिल्या दिवसापासून जिवंत रोटिफर (अतिसूक्ष्म जलजीव) लागतात आणि रोटिफरांना सूक्ष्म शैवाल. ती पैदास आधी जमवलेली नसेल तर ही खेप सोडून द्यावी. जुळलेली जोडी दर दोन-तीन आठवड्यांनी अंडी घालत राहते. पहिल्या खेपा मासे स्वतःच खाऊन टाकतात, त्याचेही वाईट वाटून घेऊ नये.

---

ओहोटी

धागाकर्त्यांना माझा एक प्रश्न, समुद्रफूल सोडून! माझ्याकडे आता हॅमरची चार तोंडे (म्हणजे चार पॉलिप) आणि डंकन आहे. अल्कलिनिटी रविवारी ८.४ होती, बुधवारी ७.८, आज शनिवारी ७.२. हॅमरच्या एका तोंडाचे मांस सांगाड्याच्या कडेपासून मागे सरकले आहे आणि बाहेरून पांढरी कडा दिसू लागली आहे. आज एकदम ८.४ वर नेऊ का?

---

खारेपाणी

@ओहोटी, एकदम नेऊ नका. आपल्या आकड्यांवरून टाकी दिवसाला ०.२ डीकेएच वापरते आहे, आणि ते सहा दिवस सरळ रेषेत दिसते, म्हणजे मोजणी विश्वसनीय आहे. साठ लिटरच्या टाकीत खडक आणि वाळू वजा जाता पाणी सुमारे पन्नास लिटर धरावे; मात्रा नेहमी प्रत्यक्ष पाण्यावर काढायची. एक लिटर पाण्याची अल्कलिनिटी १ डीकेएचने वाढवायला साधारण ३० मिलिग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. म्हणून पन्नास लिटरला १ डीकेएचसाठी दीड ग्रॅम, आणि आपला रोजचा खप भरून काढायला ०.३ ग्रॅम. बेकिंग पावडर चुकूनही वापरू नये, तीत इतर घटक असतात.

एवढीशी पूड रोज वजन करणे कठीण आहे, त्यामुळे ३० ग्रॅम सोडा एक लिटर आरओ-डीआय पाण्यात विरघळवून ठेवावा. मग त्यातले १० मिलिलिटर म्हणजे ०.३ ग्रॅम झाले. पहिले चार दिवस रोज २० मिलिलिटर, पंपासमोर जिथे प्रवाह जोरात आहे तिथे, सावकाश सोडावे. त्यातले निम्मे खपात जाईल आणि निम्म्याने आकडा ७.२ वरून ८ च्या आसपास येईल. तिथेच थांबून रोज १० मिलिलिटरवर यावे. ८.४ गाठण्याचे काही कारण नाही.

कॅल्शियम आज एकदा मोजावे. ४०० च्या वर असेल तर पंधरा दिवस त्याकडे पाहू नये. मॅग्नेशियम १२५० च्या खाली गेले असेल तर आधी ते वर आणावे, नाहीतर कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही टिकत नाहीत. मागे सरकलेले मांस पुन्हा कडेपर्यंत येईल का, हे सांगाड्याच्या त्या पांढऱ्या कडेवर हिरवे शेवाळ धरले आहे की नाही यावर बरेच अवलंबून आहे. अजून ती स्वच्छ पांढरी असेल तर आशा आहे. त्या तोंडावरचा प्रवाह थोडा कमी करा, क्लाउनफिश त्यातच लोळत असतील तर चार दिवस मध्ये जाळी लावा, आणि दिवे लागण्याआधी, रोज त्याच वेळी अल्कलिनिटी मोजून बुधवारचा आकडा इथे लिहा.